बेलो गळतोय, म्हणून गाडी विकू का?

प्रश्न: माझ्याकडे २००८ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आहे, स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर (बेलो) उभी राहणारी. रात्रभर उभी राहिली की पुढची डावी बाजू बसते. तीन-चार दिवस हलवली नाही तर सगळीच गाडी खाली येते. चालू केल्यावर बेलोत हवा भरणारा कंप्रेसर बराच वेळ घरघरत राहतो. सगळं ठीक असताना गाडीची किंमत १०० धरली, तर पूर्ण एअर सस्पेन्शन बदलण्याचं कोटेशन ४६ चं आहे: चार बेलो डॅम्परसह (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) २४, कंप्रेसर ९, वाल्व्ह ब्लॉक (बेलोंकडे हवा सोडणारे-अडवणारे) ५, मजुरी ६, अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशन २. कॉइल स्प्रिंग बसवल्या तर १५. आहे तशी विकली तर ६८ मिळतात. गाडीसाठी २२ बाजूला आहेत, महिन्याला २ उरतात. आणीबाणीचा निधी वेगळा आहे, चार महिन्यांच्या खर्चाइतका. गाडी अजून चार वर्षं ठेवायची आहे. वर्षातून सहा-सात वेळा ट्रेलर लावून, सामान भरून कच्च्या वाटांवर जातो. १२ टक्क्यांनी २४ महिन्यांचं कर्ज काढून सगळं एकदम करून टाकू का?

उत्तर: कर्ज काढू नका, आणि गाडी ६८ ला देऊही नका. आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला पैसे खर्च करा. ४६ च्या कोटेशनमध्ये तपासणीची ओळच नाही, ही त्यातली सर्वांत खटकणारी गोष्ट. कुठे गळतंय हे न बघता दिलेला आकडा म्हणजे गॅरेजने स्वतःची जोखीम तुमच्या खिशात टाकणं.

चारही कोपरे बसतात म्हणून चारही बेलो गेले, असा अर्थ या गाडीत निघत नाही. इंजिन बंद असतानाही सस्पेन्शनचा कंट्रोल युनिट दर ६ तासांनी जागा होतो आणि गाडी समतल आहे का ते पाहतो. एक कोपरा खाली गेलेला दिसला की तो उरलेल्यांतली हवा सोडून त्यांनाही थोडं खाली आणतो. एकाच बेलोची गळती तीन-चार दिवसांत सगळी गाडी बसवते ती अशी. तुमची लक्षणं याच चित्रात बसतात: आधी पुढची डावी, मग बाकीचे.

म्हणून चाचणी अशी करा. गाडी सपाट जागी नेहमीच्या उंचीवर उभी करा, बंद करा आणि सस्पेन्शन कंट्रोलचा फ्यूज काढा. कोणता ते फ्यूज बॉक्सच्या तक्त्यात असतं. आता कंट्रोल युनिट मध्ये पडणार नाही, प्रत्येक कोपरा आपापल्या वाल्व्हमागे बंद राहील. चारही चाकांच्या मधोमधपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. १२, २४ आणि ४८ तासांनी परत मोजा. हवा थंड झाली की सगळे कोपरे काही मिलिमीटर बसतातच, त्याने घाबरू नका. एकच कोपरा ठळकपणे खाली आला, तर दोष त्या बेलोत, त्याच्या नळीत किंवा जोडात. पुढचे दोन्ही सारखेच बसले तर संशय पुढच्या वाल्व्ह ब्लॉककडे जातो, कारण कच्च्या रस्त्यावर डाव्या-उजव्या बेलोंची हवा एकमेकांत जाऊ देणारा क्रॉस-लिंक वाल्व्ह तिथेच असतो. आणि एकही कोपरा बसला नाही, तरी कंप्रेसर फार वेळ चालतोय? मग हवेची टाकी, कंप्रेसरकडून येणारी नळी किंवा खुद्द कंप्रेसर बघायचा. चाचणी थंड रात्री केलेली बरी. थंडीत जोडांतल्या रबरी कड्या (ओ-रिंग) आकसतात आणि दुपारी लपलेली गळती पहाटे सापडते.

जागा पक्की करायला भांडी घासायच्या साबणाचं पाणी पुरतं. बेलोच्या रबराची खालची घडी, वरचा नळीचा जोड आणि वाल्व्ह ब्लॉकवरचे जोड, तिन्ही ठिकाणी फवारा. बारीक गळतीचे बुडबुडे उडत नाहीत, मिनिटभराने पांढरा फेस साचतो. हे नेहमीच्या उंचीवर एकदा आणि ऑफ-रोड उंचीवर एकदा करा, कारण रबराची भेग घडीत असते आणि घडी उंचीबरोबर सरकते. एका उंचीवर धडधाकट दिसणारा बेलो दुसऱ्या उंचीवर फसफसतो. हे करताना गाडी केवळ जॅकवर किंवा स्वतःच्या हवेवर उभी असेल, तर अंगाचा कोणताही भाग खाली घालायचा नाही. चॅसीखाली स्टँड हवेतच. हवा सुटली तर गाडी क्षणात खाली येते.

आता कंप्रेसर. त्यात हवा कोरडी करणारे दाणे असतात. गाडी खाली घेताना बाहेर जाणारी हवा याच दाण्यांतून उलटी जाते आणि त्यांतली ओल घेऊन जाते. गळतीची हवा मात्र बेलोतूनच निसटते, दाण्यांकडे परतत नाही. दाणे ओले राहतात, त्यांचा भुगा होतो, पांढरी पूड वाल्व्हमध्ये जाऊन बसते. दुसरीकडे कंप्रेसर रोज जास्त चालल्याने पिस्टनची रिंग झिजते आणि तो तापून स्वतःला बंद करतो. म्हणजे आज बेलोचा असलेला खर्च उद्या कंप्रेसरचा आणि परवा वाल्व्ह ब्लॉकचा होतो. ‘जमेल तसं बघू’ म्हणत वर्ष काढणं हा सगळ्यांत महागडा पर्याय आहे. गळती बंद न करता नुसता नवा कंप्रेसर टाकणं त्याच्याच खालोखाल.

मी सुचवतो तो पहिला टप्पा: तपासणी १, पुढचे दोन बेलो १२, मजुरी ३, अलाइनमेंट-कॅलिब्रेशन २, कंप्रेसरचे नवे दाणे आणि रिंग १. एकूण १९. दोन का, तर एका वयाच्या रबरातलं एक फाटलं की जोडीचं फार मागे नसतं, आणि मजुरी दोनदा जाते. चाचणीत दोष फक्त जोडाच्या ओ-रिंगचा निघाला, तर हा खर्च १९ वरून दोन-तीनवर येईल. तपासणीवर १ खर्च करण्याचं कारण हेच.

१९ गेले की २२ मधले ३ उरतात. गळती थांबली की दमलेला कंप्रेसरही काही काळ रेटतो. नवाच लागला तर महिना २ प्रमाणे ३ महिन्यांत त्याचे ९ जमतात. त्यानंतर ९ महिन्यांत मागच्या जोडीचे १७ (बेलो १२, मजुरी ३, अलाइनमेंट २).

तुम्ही म्हणाल, १९, ९ आणि १७ मिळून ४५ झाले, मग ४६ ला काय वाईट होतं? सगळंच बदलावं लागलं आणि वाल्व्ह ब्लॉकही गेले, तर टप्प्याटप्प्याने ५० जातात. कर्ज काढून ४६ केले तर २४ हप्त्यांत व्याजाचे जवळपास ६ धरून ५२ जातात, आणि हे नक्की जातात. टप्प्यांत ५० ही वरची मर्यादा आहे, तळ १९ किंवा त्याहून कमी. याहून मोठा मुद्दा असा की टप्प्यात तुम्हाला थांबता येतं. दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्स गेला आणि गाडी काढायचीच ठरली, तर न घातलेल्या बेलोंचे पैसे तुमच्या खात्यात असतील. या वयाच्या गाडीत हे स्वातंत्र्य मला व्याज वाचण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

आणीबाणीच्या निधीला हात लावू नका. बसलेली गाडी ही अडचण आहे, संकट नाही. मात्र ५० किमी वेगमर्यादेचा इशारा पडद्यावर आला तर गाडी रबरी बफरवर टेकलेली असू शकते. तशी ट्रेलर लावून नेऊ नका.

विक्रीचा हिशोब. आहे तशी दिली तर ६८. १९ घालून १०० ला विकली तर हाती ८१. कंप्रेसरही घालावा लागला तर २८ जाऊन ७२. पहिल्या बाबतीत दुरुस्तीचा फायदा स्पष्ट आहे. दुसऱ्यात तो ४ वर येतो आणि १०० ऐवजी ९५ भाव आला की संपतो. म्हणून लगेच विकायची असेल तर तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत ६८ ची बोलणी तोडू नका. चार वर्षं ठेवणार असाल तर हा प्रश्नच उरत नाही.

कॉइल स्प्रिंगचा पर्याय मी हसण्यावारी नेत नाही. तुम्ही १५ ची तुलना ४६ शी करताय. पहिल्या टप्प्यापुरती ती १९ शी करायची, म्हणजे फरक ४ चा. सगळंच बदलावं लागलं तर मात्र कॉइल ३० ते ३५ ने स्वस्त पडतात, हेही खरं. त्या बदल्यात जातं काय? ऑफ-रोड उंचीचे सुमारे ५५ मिमी, चढण्या-उतरण्यासाठी खाली येणारे सुमारे ५० मिमी, ट्रेलर आणि सामानाखाली मागची बाजू आपोआप समतल राहणं, आणि क्रॉस-लिंकमुळे खडबडीत जागी चाकं जमिनीला चिकटून राहणं. वर्षातून सहा-सात वेळा तुम्ही नेमकं हेच वापरता. शिवाय हा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, आणि ही गाडी ऑफ-रोडसाठी शोधणारा गिऱ्हाईक कॉइल पाहून भाव पाडतो. उद्या ट्रेलर सुटला आणि गाडी फक्त डांबरी रस्त्यावर राहिली, तर मात्र मी स्वतः कॉइल सुचवेन.

स्वस्तातल्या निनावी बेलोंचा मोह टाळा. निम्म्या किमतीचे, म्हणजे ६ ला जोडी मिळाली आणि ती निम्मी टिकली, तर भागांचे तेच १२ होतात आणि मजुरी-अलाइनमेंटचे ५ दुसऱ्यांदा जातात. जुन्या गाडीतून काढलेला बेलो तर घेऊच नका. रबराचं वय किलोमीटरवर नाही, वर्षांवर जातं.

गॅरेजला काम देताना या गोष्टी कागदावर घ्या. जोड सोडण्याआधी स्कॅनरने हवा पूर्ण सोडायची. नळीचं टोक ब्लेडने काटकोनात कापून नव्या जोडात बसवायचं. तिरकं कापलेलं टोक ओ-रिंग कापतं आणि नवा बेलो पहिल्याच आठवड्यात गळतो. बेलोत हवा भरण्याआधी चाकावर गाडीचं वजन टाकायचं नाही, नाहीतर रबराची घडी वेडीवाकडी पडून चिरते. चाक धरणाऱ्या आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावरच पूर्ण आवळायचे. लटकत्या चाकावर आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि वर्षभरात त्यांचा खर्च वेगळा येतो. हिताची कंपनीच्या कंप्रेसरच्या जागी एएमके कंपनीचा बसवणार असतील तर रिले आणि सॉफ्टवेअर बदलणं त्याच रकमेत आहे का, ते आधीच विचारा.

आणि बिलाचे शेवटचे ३ हातात ठेवा. फ्यूज काढून ४८ तासांची तीच मोजणी पुन्हा करायची आणि नव्या कोपऱ्यांचे आकडे मागच्यांच्या बरोबरीने राहिले की द्यायचे, हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या.