आधी बॅटरी बाहेर कशी येईल ते ठरव

वागळे इस्टेट, ठाणे

बाळा,

तुझी ड्रॉइंगं मिळाली. रात्री जेवणं झाल्यावर पाहिली, सकाळी कारखाना उघडल्यावर पुन्हा पाहिली. इलेक्ट्रिक सायकल देखणी झालीय. बॅटरी डाउन ट्यूबच्या, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या पोटात, वायर कुठे दिसत नाही, हँडलवर एकच बटण. पण बॅटरी बाहेर कशी काढायची, हे एकाही पानावर नाही. मन तिथेच अडकलं, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय.

नीट जोडलेली फ्रेम पंधरा-वीस वर्षं सहज चालते. बॅटरीतले सेल त्याच्या कितीतरी आधी थकतात. म्हणजे तू बनवलेली प्रत्येक नळी कधी ना कधी कोणीतरी उघडणारच. तो माणूस नौपाड्यातल्या एखाद्या सायकलच्या दुकानात बसलेला असेल. त्याच्या हाताशी पाना, पक्कड आणि ॲलन की असेल, तुझं ड्रॉइंग नसेल. त्याला अर्ध्या तासात सेलचा पॅक बदलता आला पाहिजे. शिवाय आपल्याकडे लिफ्ट नसलेल्या इमारती किती आहेत बघ. पार्किंगमध्ये प्लग नाही आणि वीस-बावीस किलोची सायकल चौथ्या मजल्यावर चढवायची, हे महिनाभर कोणी करणार नाही. बॅटरी तेवढी पिशवीत घालून नेता आली, तरच सायकल वापरात राहते.

आता मी केलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका फ्रेमला मी डाउन ट्यूबवर वरून लांब खिडकी कापली आणि झाकण स्क्रूने बसवलं. घोडबंदर रोडवर घरोघरी दूध टाकणारा एक मुलगा ती सायकल वापरायचा. सात-आठ महिन्यांनी तो म्हणाला, ‘काका, वळताना मागचं चाक वेगळंच चालतं.’ मी फडक्याने नळी पुसली, तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून केसाएवढी काळी रेघ निघालेली. नखाला लागत होती. मी कोपरा काटकोनात कापला होता आणि कानसही नीट फिरवली नव्हती. तडा तिथूनच सुरू झाला. मुलगा पडला नाही, पण ती रेघ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

कारण समजून घे. गोल नळी बंद असते तोवर पिळाला जबरदस्त विरोध करते. लांबीभर चीर पाडली की तो विरोध शेकडो पटींनी घटतो. बाहेरून 64 मिमी, 2 मिमी जाडीच्या नळीचा हिशेब तू स्वतः कर, फरक सातशे पटींच्या घरात येईल. खिडकी म्हणजे पूर्ण चीर नव्हे, पण वाट तीच. झाकण बसवून गेलेली ताकद परत येत नाही, कारण स्क्रूच्या भोकांत ते हलतं. म्हणून माझा आग्रह आहे की नळी बंद ठेव आणि पॅक खालच्या टोकाने सरकवून काढ. बॉटम ब्रॅकेटची शेल, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो ते नळकांडं, नळीच्या पाठीला जोड, म्हणजे खालचं तोंड मोकळं राहील. तुझी मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. खिडकी टाळताच येत नसेल, तर कोपऱ्यांना मोठी गोलाई दे आणि कडेने पट्टी वेल्ड कर.

वेल्डवरून एक महत्त्वाचं. 6061 ॲल्युमिनियम वेल्ड केलं की जोडाशेजारची टी-6 ची, म्हणजे हीट ट्रीटमेंटने आणलेली, ताकद साधारण निम्म्यावर येते. पूर्ण फ्रेम हीट ट्रीटमेंटला गेलीच पाहिजे. त्यात नळी थोडी वाकते, म्हणून आतली मापं त्यानंतर तपास, आधी नाही. आयएसओ 4210 या सायकलींच्या सुरक्षा मानकात पेडलच्या जोराची चाचणी 1,00,000 वेळा होते. ती बॅटरीच्या वजनासकट करून घे.

सेलची मांडणी तू एका थरात तीन अशी केलीस. 18650 सेल म्हणजे 18 मिमी जाड, 65 मिमी लांब. त्यांचे दहा थर म्हणजे नुसते सेलच 650 मिमी. ते तुझ्या नळीत मावत नाहीत. त्याऐवजी सहाचं कडं कर आणि मधली जागा मोकळी सोड. एका थरात तीन-तीनचे दोन गट बसतात, म्हणजे पाच थरांत 36 व्होल्टचे तीस सेल, लांबी 325 मिमी आणि वर पट्ट्या-इन्सुलेशन. कडं 54 मिमीचं होतं, सेल जागेवर ठेवणारी जाळी धरून नळी आतून साठची लागेल. मधल्या पोकळीतून वायर आणि तापमानाचा सेन्सर जातो. ही मांडणी मला फार आवडते.

पाण्याचं म्हणशील, तर नळी हवाबंद करायच्या नादी लागू नकोस. उन्हात तापलेल्या नळीवर आपला जूनचा पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि वायरच्या भोकातून पाणी ओढून घेते. पॅक स्वतः बंद असू दे, नळीला तळाशी निचऱ्याचं भोक दे. वायर आत शिरण्याआधी खाली झोल घेऊ दे, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज सांभाळणारी पेटी, त्या तळात कधीच ठेवू नकोस. त्याची उष्णता सेलपासून लांब, सीट ट्यूबच्या भिंतीला चिकटून जाऊ दे. सेल 45 अंशांच्या वर असताना चार्जिंग सुरू होऊ नये, हे बीएमएसनेच, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटनेच, अडवायला हवं. एप्रिलच्या दुपारी उन्हातून आलेला माणूस थांबत नसतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटर 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किमीपर्यंत, बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत, तर ती मोटर वाहनात मोडत नाही. पण तसं तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. वेगमर्यादा काढणारी वायर ठेव असं गिऱ्हाईक म्हणेल. ठेवू नकोस. ब्रेक त्या वेगाचे नाहीत.

शनिवारी चारनंतर ये, टिग वेल्डिंगवाला असतो. त्याआधी 18 मिमीच्या लाकडी दांड्याचे 65 मिमीचे तीस तुकडे काप, पुठ्ठ्याच्या जाळीत बसव आणि 63 च्या पीव्हीसी पाइपात सरकव. तो पाइप तसाच घेऊन ये. कारखान्यातल्या पोराला हातमोजे घालून ते बाहेर काढायला सांगू आणि किती वेळ लागतो ते घड्याळावर बघू.

तुझा,
काका