ख्रिस्ती लोक येशूला 'अवतार' का म्हणत नाहीत?

ठाण्यात शेजारीपाजारी हे मलाही विचारतात. शब्द जवळचा आहे, पण फरक आहे. अवतार अनेक, गरज पडेल तेव्हा. आमच्या श्रद्धेत हे एकदाच घडलं आणि कायमचं: देवपुत्राने घेतलेला देह पुनरुत्थानानंतरही टाकला नाही. म्हणून आम्ही 'देहधारण' म्हणतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात आहे, 'शब्द देही झाला'; 'शब्द' म्हणजे देवपुत्रच. येशू अर्धा देव, अर्धा माणूस नाही. पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे इ.स. 451 मध्ये खाल्सेदोन इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने स्पष्ट केलं. भूक, थकवा, रडणं, मरण, सगळं खरं.

या देहधारणाला आम्ही प्रतिसाद कसा देतो म्हणाल तर, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, या. सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या घोषणेत देहधारणाचे शब्द आले की सगळे गुडघे टेकतात. एरवी रविवारी फक्त मान लवते. माझी आजी गुडघेदुखी असूनही बाकाला धरून खाली बसायची. देव आपल्यासाठी इतका खाली आला, मग मी एवढंही वाकू नये? असं ती म्हणायची. आणि घरी आल्यावर पहिलं ताट इमारतीच्या वॉचमनकाकांकडे जायचं. तेही त्याच प्रतिसादात येतं, असं मी मनापासून मानते.