जुना गेम नव्याने बाजारात आणताना मूळ टीमची नावं दिली नाहीत तर नक्की काय बिघडतं?

प्रश्नकर्त्याने खाली आणखी लिहिलंय: नवी मुंबईतल्या एका स्टुडिओकडून ऑफर आहे, जुन्या गेमच्या रीमास्टरचं, म्हणजे तोच गेम नव्या रूपात पुन्हा काढायचं, काम आहे. मित्र म्हणतात गेमच्या शेवटी येणारी, काम करणाऱ्यांची नावं कोणी बघत नाही, तू त्यात पडू नकोस. आणि स्वतःचं नाव येणार का, हे आधीच विचारलं तर बरं दिसेल का?

विचारा. पगार किती, सुट्ट्या किती हे विचारताना संकोच वाटत नाही, मग नावाचं विचारताना कशाला वाटावा?

"नावं कोणी बघत नाही" हे वाक्य मी पहिल्यांदा २००५ साली नवी मुंबईत महाप्याला ऐकलं. तेव्हा तोंडावर उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

ठाणे-वाशी लोकल आदल्याच वर्षी सुरू झाली होती. नौपाड्यातून चालत ठाणे स्टेशन, कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षा, की महापे. मोबाइलवरचे जावा गेम करणारा तीसेक जणांचा स्टुडिओ होता आणि मी तिथे पिक्सेल आर्टिस्ट, म्हणजे ठिपक्याठिपक्याने चित्रं काढणारी, होते. सात जणांनी मिळून आम्ही विटीदांडूचा एक गेम केला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण लगेच कंपन्या ओळखू येतील आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

स्क्रीन १२८ बाय १२८ पिक्सेल. त्या वेळच्या बऱ्याच साध्या नोकियांवर जार फाइल, म्हणजे अख्खा गेम असलेली फाइल, ६४ केबीच्या वर गेली की इन्स्टॉलच व्हायची नाही. त्या ६४ केबीत कोड, चित्रं, आवाज, सगळं. प्रत्येक फ्रेमची, म्हणजे हालचालीतल्या एकेका चित्राची, वेगळी पीएनजी फाइल ठेवली तर प्रत्येकीच्या सुरुवातीच्या माहितीचे (हेडरचे) बाइट वाया जातात, म्हणून सगळ्या फ्रेम एका लांब पट्टीत जोडायच्या. विटी मारून पळणाऱ्या मुलाचं धावणं मला सहा फ्रेममध्ये बसवायचं होतं. चार दिवस तो मुलगा काही केल्या धावेना. नुसता जमिनीवरून घसरत असल्यासारखा दिसायचा. पाचव्या दिवशी मी त्याच्या कपाळावरची बट एक फ्रेम उशिरा हलवली. बट म्हणजे दोन पिक्सेल. अंग खाली आलं तरी बट अजून वरच, आणि पुढच्या फ्रेमला ती खाली. पोरगं धावायला लागलं! शेजारच्या टेबलावरून टेस्टर, गेम तपासणारी, उठून आली आणि उभ्या उभ्या दहा मिनिटं त्याला नुसतं पळवत राहिली.

शेवटच्या बिल्डच्या, म्हणजे विक्रीला जाणारी आवृत्ती तयार करायच्या, दिवशी जार फाइल २८० बाइटनी जास्त भरली. टीमचे प्रमुख, आमचे लीड सर, त्यांनी सांगितलं, "अबाउटची स्क्रीन काढून टाका. खेळायला तिची गरज नाही. नावं कोण वाचतं? पगार मिळतो ना?" त्या स्क्रीनवर आमची सात नावं खालून वर सरकत जायची. कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. पण त्या रात्री शेवटची लोकल जाईपर्यंत बसून मी मागच्या झाडाचे सोळा रंग चारवर आणले आणि आकाशातला ढग काढला. २४ बाय ९ पिक्सेलचा ढग होता, मला फार आवडायचा. बिल्ड ६४ केबीच्या आत बसली आणि सात नावं राहिली. सकाळी सर म्हणाले, "छान, आकाश मोकळं दिसतंय." नावांबद्दल ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

पुढे स्टुडिओ बंद पडला, गेमचे हक्क विकले गेले, मग आणखी एकदा विकले गेले. मी दुसऱ्या कामाला लागले.

२०१९ ची भाऊबीज. बहीण माहेरी आली होती, तिचा मुलगा सोफ्यावर लोळत फोनवर काहीतरी खेळत होता. मी फराळाचं ताट घेऊन मागून जाता जाता स्क्रीनकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. रंग नवे, घरं नवी, आकाशात सूर्यास्त. पण मुलगा धावत होता आणि त्याची बट एक फ्रेम उशिरा खाली येत होती. मी म्हटलं, "थांब, परत पळव त्याला." तो म्हणाला, "मावशी, तुला हा गेम माहितीये?" मी त्याच्याकडून फोन घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन नावं उघडली. चाळीसेक नावं होती. मार्केटिंग होतं, कायदा विभाग होता, ऑफिस व्यवस्थापन होतं. सगळ्यात खाली एक ओळ: मूळ खेळाच्या टीमच्या कामावर आधारित.

त्या एका ओळीने मला जितका संताप आला तितका कोरी जागा पाहून आला नसता. ही ओळ लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं की आधी माणसं होती. त्यांनी काम केलं होतं आणि तेच काम आपण विकतोय, हेही माहीत असतं. नावं टाइप करायचे कष्ट तेवढे नको असतात.

आणि हे फक्त आमच्यासारख्या लहान गेमचं नाही. मेट्रॉइड प्राइम हा २००२ चा गेम, टेक्सासमधल्या रेट्रो स्टुडिओजने केलेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचं रीमास्टर आलं. शेवटी मूळ टीमची नावं नव्हती. गेमक्यूब आणि वी (निन्टेन्डोची जुनी गेमयंत्रं) आवृत्त्यांच्या मूळ टीमच्या कामावर आधारित, एवढी एक ओळ. मूळ गेमचे इंजिनिअर झॉइड कर्श यांनी याबद्दल जाहीर नाराजी लिहिली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये डाँकी काँग कंट्री रिटर्न्सची एचडी आवृत्ती आली. मूळ गेम २०१० चा, त्याच रेट्रो स्टुडिओजचा, आणि तिथेही तसलीच एक ओळ. मूळ गेमच्या शेवटी ही सगळी नावं आहेत. कुणीही गेम संपवून वाचू शकतो. ती बघून उतरवून काढायला एक माणूस आणि एक दुपार पुरते.

यावर लोक म्हणतात की हल्ली टीम फार मोठ्या असतात, किती नावं देणार? आम्ही ६४ केबीत सात नावं बसवली होती. हजार नावांचा मजकूर आजच्या गेममधल्या एका दगडाच्या टेक्श्चरएवढीही, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाच्या चित्राएवढीही, जागा घेत नाही.

भांडण तसं धंद्याच्या जन्मापासूनचं आहे. अटारी या सुरुवातीच्या अमेरिकन गेम कंपनीत प्रोग्रामरचं नाव गेमवर येत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी ॲडव्हेंचर हा गेम एकट्याने, ४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये लिहिला आणि कंपनीला न सांगता आत एक गुप्त खोली ठेवली. एक पिक्सेलचा राखाडी ठिपका शोधून तो विशिष्ट जागी नेला की आत जाता यायचं, आणि आत त्यांचं नाव. त्याच कंपनीतून चार प्रोग्रामर पैसा आणि नाव या दोन्हींसाठी बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी जिम लेव्ही यांच्यासोबत ॲक्टिव्हिजन काढली. ती गेमसोबत करणाऱ्याचं नाव छापायला लागली. नावासाठी माणसं नोकऱ्या सोडतात, स्वतःची कंपनी काढतात. कोणी वाचत नसतं तर एवढं केलं असतं का कोणी?

माझे बाबा हौशी नाटकांचे पडदे रंगवायचे. गडकरी रंगायतनला प्रयोग असला की मी विंगेत बसायचे. पडदा उघडायच्या आधी घोषणा व्हायची, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, आणि त्यात कुठेतरी बाबांचं नाव. एकदा तेच नाटक दुसऱ्या संस्थेने नव्या संचात केलं. पडदेही नवे होते. तरी घोषणेत आलं, "मूळ नेपथ्य", आणि पुढे बाबांचं नाव. बाबा प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत होते. घरी येताना तलावपाळीवर त्यांनी आम्हाला आइसक्रीम दिलं आणि आईला दोनदा विचारलं, "तू ऐकलंस ना?" ज्यांनी ती घोषणा केली त्यांना एक श्वास जास्त घ्यावा लागला असेल, बस.

तर मी त्या नव्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं की मूळ टीमची नोंद आमच्याकडे उपलब्ध नाही. माझ्याकडे त्या गेमची सीडी होती, वर मार्करने तारीख घातलेली. जार फाइल म्हणजे शेवटी झिपच, अनेक फाइलींचं गाठोडं, असते. एक्स्टेंशन बदलून उघडली, आतली टेक्स्ट फाइल काढली. सात ओळी, सात नावं, प्रत्येकापुढे काम. तुम्ही जो गेम विकत घेतला त्याच्याच पोटात ही नोंद आहे, असं लिहून पाठवली. आठ महिने काही नाही. मग एका अपडेटमध्ये नावं आली. पाच. पोर्टिंग करणारा, म्हणजे गेम वेगवेगळ्या फोनांवर चालेल असा करून देणारा, आणि टेस्टर, दोघं गाळलेले. कारण विचारलं तर म्हणे, निर्मितीत थेट सहभाग असलेल्यांचीच नावं देण्याचं धोरण आहे.

थेट सहभाग म्हणजे काय ते सांगते. गेम चालू असताना फोन आला की त्याने आपोआप थांबायला हवं आणि कॉल संपल्यावर तिथूनच सुरू व्हायला हवं. काही हँडसेटवर आमचा गेम कॉल संपला की गोठायचा, बॅटरी काढून फोन परत चालू करावा लागायचा. आमची टेस्टर ओळीने हँडसेट मांडून बसायची आणि ऑफिसच्या लँडलाइनवरून एकेकावर रिंग द्यायची. विटी हवेत असताना एकदा, पकडल्यावर एकदा, डाव संपताना एकदा, आणि मेनूतही एकदा. दर बिल्डला हे सगळं पहिल्यापासून. विटी हवेत असतानाच तो बिघाड होतो हे तिने शोधून काढलं. पोर्टिंगवाल्याने प्रत्येक कंपनीच्या फोनच्या बटणांच्या वेगळ्या कीकोडशी आणि वेगळ्या स्क्रीनशी झुंजत तो गेम इतक्या फोनांवर नेला, म्हणून तर तो लोकांच्या आठवणीत राहिला आणि नव्याने काढण्याजोगा वाटला. या दोघांशिवाय माझी बट कुणी पाहिलीच नसती.

तुम्ही विचारलंत काय बिघडतं. २०२० मध्ये त्याच टेस्टरची ऐरोलीला मुलाखत होती. तिने बायोडेटात हा गेम लिहिला होता. समोरच्याने तिच्यादेखत फोनवर गेम उघडला, नावं खालपर्यंत सरकवली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव तर नाहीये." ती मला घरी येऊन सांगत होती तेव्हा तिच्या हातातला चहा गार झाला. नोकरी त्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही. पण परक्या माणसाला तिचा शब्द खोटा वाटला, आणि शब्द खरा होता.

आता तुमच्या ऑफरचं. ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर लिहून घ्या की अर्ध्यात नोकरी सोडली तरी नाव राहील आणि गेम पुन्हा कधी काढला तरी राहील. नावाचं स्पेलिंगही तुम्हीच द्या. आणि कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारा, मूळ गेमची नावं कुठे आहेत? कुणाला माहीत नसेल तर जुना गेम लावून स्वतः उतरवून काढा आणि वरच्यांना मेलने पाठवा. उद्या ती वगळली तर निदान "नोंद नव्हती" असं कुणाला म्हणता येणार नाही. मित्र म्हणतात पडू नकोस. तुम्ही त्यात पडलेलेच आहात, दुसऱ्याच्या चित्रावर रंग चढवायचंच तर काम घेताय.

कायद्याचं थोडक्यात. नोकरीत केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची असते. ते कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ मध्ये आहे आणि मला मान्य आहे. पण त्याच कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क दुसऱ्याला दिले तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार राहतो. मालकी आणि नाव या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या ठेवल्या आहेत. अर्थात मी वकील नाही, आणि सात जणांनी मिळून केलेल्या गेमचा कर्ता नेमका कोण हे कोर्टात सरळ ठरण्यासारखं नाही. माझ्या आधारावर नोटीस वगैरे पाठवू नका.

आणखी एक. मी सीडी ठेवली होती ती बाजारात विकल्या गेलेल्या बिल्डची. कंपनीचा सोर्स कोड घरी नेऊ नका, ते चूकच आहे. प्रसिद्ध झालेली आवृत्ती आणि त्यातल्या नावांच्या स्क्रीनचे फोटो एवढं पुरतं. आणि ज्याला स्वतःचं नाव नको असेल त्याला विचारून गाळा, तो त्याचा हक्क आहे. आमच्या सातांपैकी कुणालाच कुणी विचारलं नव्हतं.

सर, तुम्ही या साइटवर असता हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी ठाण्यात एका लग्नात भेटलात तेव्हाही म्हणालात, "अगं, त्यांनी विकत घेतलंय, त्यांचा माल आहे, सोड ना आता." वर हेही म्हणालात की नव्या आवृत्तीत तुमचं नाव आलं म्हणून मुलीला दाखवलंत आणि तिला फार आनंद झाला. ते नाव कंपनीला मी पाठवलेल्या फाइलमधून मिळालं. त्या फाइलला जागा व्हावी म्हणून मी ढग काढला होता. यादीतलं सहावं आणि सातवं नाव अजून बाहेर आहे, आणि तुमच्या सहीचा मेल गेला तर ते लोक माझ्यापेक्षा लवकर ऐकतील. सात ओळींची फाइल तुम्हाला आज रात्री पुन्हा पाठवते.