दहा वर्षांच्या भुरीसाठी घर शोधताना

प्रश्न : आमच्या प्रतापनगरच्या घरी भुरी नावाची दहा वर्षांची गावठी कुत्री आहे. वर्धा रोडवर गाडीचा धक्का लागून ती पडली होती, तेथून बाबांनी तिला घरी आणले. तेव्हा ती जेमतेम वर्षाची असेल. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. आईला आता एकटीने राहणे झेपत नाही, म्हणून धाकटा भाऊ तिला जूनअखेर बंगळुरूला नेणार आहे. पण त्याच्या मुलीला दमा असल्यामुळे भुरीला तेथे नेता येत नाही, आणि माझी नोकरी फिरतीची आहे. भुरीची नसबंदी झालेली आहे. थंडीत तिचा मागचा पाय आखडतो आणि डोळ्यांत निळसर झाक आली आहे. काटोलकडचे एक नातेवाईक तिला संत्र्याच्या बागेत राखणीला न्यायला तयार आहेत. शेजारी म्हणतात, गल्लीतच सोडा, चार घरची पोळी मिळेल. इतक्या वयाच्या कुत्रीला कुणी घेते का? वय दोन-तीन वर्षे कमी सांगितले तर चालेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. वय कमी सांगू नका. नवे कुटुंब तिला पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेईल तेव्हा दात आणि डोळे पाहून त्यांना अंदाज येईलच, आणि मग पायाच्या दुखण्याविषयी आपण जे खरे सांगितले असेल त्यावरही त्यांचा विश्वास उरणार नाही. वय ऐकून दहापैकी नऊ जण मागे फिरतील, ते फिरू द्यावेत. आपल्याला घर एकच हवे आहे.

बागेचा विचार मनातून काढून टाका. नऊ वर्षे घरात झोपलेल्या, पाय आखडणाऱ्या कुत्रीला रानडुकरांच्या वाटेवर राखणीला बसवणे म्हणजे तिची सोय नव्हे, नातेवाइकांची सोय आहे. गल्लीचेही तेच. दारात उभी राहून भुंकणारी भुरी आणि रात्री त्याच रस्त्यावर झोपणारी भुरी यांना गल्लीतली कुत्री एकच समजत नाहीत. शिवाय प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. शेजाऱ्यांच्या पोळीचा भरवसा चार दिवसांचा असतो.

जाहिरात देण्याआधी तिची एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रक्त, मूत्रपिंड व यकृत, दात आणि सांधे तपासून घ्यावेत. गोचिडांमुळे येणाऱ्या तापाविषयीही विचारावे आणि रेबीजच्या लसीची तारीख पाहून घ्यावी. डोळ्यांतल्या निळसर झाकीने घाबरू नका. सात-आठ वर्षांनंतर भिंगाचा मधला भाग घट्ट होत जातो म्हणून अशी झाक पुष्कळ कुत्र्यांत दिसते, आणि तिने नजर फारशी कमी होत नाही. मोतीबिंदू निराळा असतो, आणि या दोहोंतला फरक डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिला, तर पाहायला येणाऱ्यांचा निम्मा धसका तेथेच जातो.

घर मात्र अनोळखी लोकांपासून शोधू नका. बाबांबरोबर रोज सकाळी फिरायला येणारे, दूधवाले, आईच्या भिशीतल्या बाया, म्हणजे ज्यांनी भुरीला पाहिले आहे अशांना आधी विचारा. या वयाचा कुत्रा दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. त्याला मैदान लागत नाही, घरात माणूस लागते. म्हणून निवृत्त जोडपे तिच्यासाठी उत्तम, मात्र त्यांच्या पाठीमागे तिला कोण पाहील हे संकोच न करता विचारावे. जाहिरातीत ‘गोंडस’, ‘बिचारी’ असले शब्द नकोत. ‘दहा वर्षांची, नसबंदी झालेली, मांजरावर धावून जाते, फटाक्यांना घाबरते, जिने चढायला वेळ लावते’ एवढे पुरे. दयेपोटी आलेला माणूस पहिल्या औषधाच्या बिलाला दमतो, असा माझा तरी अनुभव आहे. जिन्याविषयी चार प्रश्न विचारणारा माणूस मला अधिक खात्रीचा वाटतो.

त्या घरी स्वतः जाऊन या. फरशी गुळगुळीत असेल तर तिच्या वाटेवर तरट किंवा चटई अंथरायला सांगा, फाटकाखालची फट पाहा. मग दोन-तीन आठवडे तिला तेथे राहू द्या, आणि ‘जमले नाही तर कुत्री परत आमच्याकडेच येईल’ असे साध्या कागदावर लिहून घ्या. ही मुदत आई नागपुरात असतानाच संपली पाहिजे, म्हणून शोध आजच सुरू करा. निघायच्या आठवड्यात सापडलेले घर पारखायला वेळच उरत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तिला न्यायचे ते पहाटे, आणि तिची जागा कूलरच्या वाऱ्याजवळ असावी. आमच्याकडे आलेला एक बारा वर्षांचा कुत्रा पहिले चार दिवस कूलरच्या स्टँडखालून निघालाच नव्हता, ताटलीसुद्धा तेथेच सरकवावी लागे. पाचव्या दिवशी दुपारी तो उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. भुरीही असेच करील. तिला ओढून बाहेर काढू नये, एवढे त्या घरच्यांना सांगून ठेवा.

जेवण पहिला आठवडा आपल्याच घरचे, आपल्याच वेळांना द्यायला सांगा आणि नंतर हळूहळू बदलू द्या. तिची गोधडी सोबत द्या, पण धुऊन देऊ नका, कारण अनोळखी घरात ओळखीचा वास तेवढाच असेल. आईला पहिले पंधरा दिवस भेटायला जाऊ देऊ नका. फोनवर चौकशी करावी. त्यानंतर निघण्यापूर्वी एकदा संध्याकाळी तिने जाऊन यावे, आणि निघताना भुरी दारापर्यंत येऊन परत आत वळली तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये.