बधिर हात जळतो तेव्हा

ताई, स्ट्रोकनंतर (पक्षाघातानंतर) बाबांच्या बधिर हाताला पंख्याचा वाराही झोंबतो, ही नाटकं नव्हेत. माझंही तसंच झालं. बिघाड हातात नाही, मेंदूत असतो. हे दुखणं स्ट्रोकनंतर काही महिन्यांनीही सुरू होतं.

आपल्या कोकणातली पहिली चूक म्हणजे कडकडीत शेक. हंड्यातलं पाणी मी बधिर हाताने बघितलं, फोड आले तेव्हा कळलं! पाणी चांगल्या हातानेच बघा.

- पायही बधिर असेल तर पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत), खळ्यात अनवाणी नको. रात्री तळवे तपासा.
- उठवताना तो हात ओढू नका, खांदा दुखावतो.
- डॉक्टरांना नुसतं ‘दुखतं’ नको; जळतं की टोचतं ते सांगा. साध्या वेदनाशामकांनी सहसा भागत नाही, नसांच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या. गुण यायला आठवडे लागतात, मध्येच सोडू नका.

अचानक नवा बधिरपणा आला तर मात्र तेल-बिल नको, थेट 108.