वीज कोळशाची असेल तर इलेक्ट्रिक गाडी पर्यावरणाला खरंच बरी का?

तुमचा प्रश्न असा, की वीजच कोळसा जाळून बनत असेल तर धूर फक्त सायलेन्सरमधून निघायचा तो चिमणीतून निघतो, बाकी फरक काय? काही अंशी ते खरं आहे. पण हे म्हणणारे बहुतेक जण विजेचा हिशोब खाणीपासून मांडतात आणि पेट्रोलचा गाडीच्या टाकीपासून. माझं जुनं भांडण याच्याशीच आहे. मोजायचं तर दोन्हीकडे जमिनीखालून मोजा.

आधी पेट्रोल. एक लिटरचं वजन साधारण ७४० ग्रॅम, त्यात कार्बन ६४० ग्रॅमच्या आसपास. जळताना दर १२ ग्रॅम कार्बनला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून पाऊण किलोपेक्षा कमी पेट्रोलातून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे ऐकून आकडा चुकलाय असं लोकांना वाटतं. चुकलेला नाही, जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे. यात तेल उपसणं, रिफायनरी आणि वाहतूक यांचा साधारण पाचवा हिस्सा मिळवा: लिटरमागे २.८ किलो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरला ६.७ लिटर पिते, म्हणजे १८.७ किलो.

आता वीज. डिस्प्लेवर १०० किलोमीटरला १५ युनिट दिसतात आणि लोक त्यावरच गुणाकार करतात. तो आकडा बॅटरीतून खर्च झालेल्या विजेचा असतो. भिंतीतून घेतलेली वीज नेहमीच जास्त असते. चार्जिंग चालू असताना गाडीतला चार्जर, कूलिंग पंप आणि कंट्रोलर मिळून २०० ते ३०० वॅट खातात, मग तुम्ही हळू चार्ज करा की जोरात. साध्या सॉकेटवर ६ अँपिअरने चार्ज केलं तर गाडीला जेमतेम १४०० वॅट मिळतात आणि त्यातला पाचवा-सहावा हिस्सा इथेच जातो. ३२ अँपिअरवर, सुमारे ७ किलोवॅटला, हाच खर्च तीन-चार टक्क्यांवर येतो. हळू चार्जिंग म्हणजे काटकसर, हा समज म्हणून चुकीचा आहे. खात्री करायची तर चार्जिंगच्या लाइनवर वेगळा सब-मीटर बसवा आणि महिनाभर त्याचं रीडिंग गाडीच्या आकड्याशी ताडून बघा.

तर भिंतीपाशी १७ युनिट, तारांमधली गळती धरून केंद्रापाशी १८.५. कोळशाच्या विजेतून खाणीसकट युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. उत्तर १८.५ किलो, म्हणजे जवळजवळ बरोबरी. निव्वळ कोळशाच्या विजेवर इलेक्ट्रिक गाडी जिंकत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. पण ग्रिडमध्ये, म्हणजे घरोघरी वीज पोचवणाऱ्या जाळ्यात, अर्धा कोळसा आणि अर्धी जल, पवन, सौर किंवा अणुवीज असली की तोच आकडा नऊ-साडेनऊ किलोवर येतो. पेट्रोलच्या गाडीचे १८.७ किलो मात्र ती भंगारात जाईपर्यंत तेवढेच राहतात.

आता बॅटरीचं कर्ज. एक युनिट क्षमतेची बॅटरी बनवताना ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीमागे अडीच ते चार टन. अर्ध्या कोळशाच्या ग्रिडवर हे फिटायला २५ ते ४२ हजार किलोमीटर लागतात, जवळपास पूर्ण स्वच्छ विजेवर १४ ते २३ हजार. गाडी मोठी झाली की हे आकडे झपाट्याने वाढतात. व्होल्वोने २०२१ मध्ये आपल्या सी४० या मोठ्या गाडीचं कर्ज किती अंतरात फिटतं हा हिशोब स्वतःच जाहीर केला होता: पवनविजेवर ४९,०००, युरोपच्या सरासरी विजेवर ७७,००० आणि जगाच्या सरासरी विजेवर १,१०,००० किलोमीटर. रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर असताना १०० युनिटची बॅटरी घेणं मला अजिबात पटत नाही. आयुष्यभर ते वजन ओढायचं, टायर लवकर झिजवायचे, आणि वर याला पर्यावरणप्रेम म्हणायचं?

ग्रिडमध्ये सौरवीज भरपूर असेल तर चार्जिंग दुपारी करा. रात्री तीच वीज कोळशाची असू शकते. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांवर थांबवा. लोह-फॉस्फेटवाली मात्र अधूनमधून १०० टक्के भरा, नाहीतर चार्जचा अंदाज चुकत जातो. या दुसऱ्या प्रकारात कोबाल्ट नसतो, त्यामुळे कोबाल्टच्या खाणीतल्या मजुरांचा प्रश्न तुम्हाला टोचत असेल तर हीच घ्या.

वर्षाला तीन हजार किलोमीटरच फिरत असाल तर मात्र माझा सगळा हिशोब तुमच्या विरुद्ध जातो: कर्ज फिटायला दहा-बारा वर्षं. तुम्ही आहे ती गाडीच नीट ठेवा. आणि विकत घेताना एक गोष्ट लेखी मागा: बॅटरीतलं एक मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, सुटं बदलून मिळतं का? काही पॅकमधले सेल गोंदाने कायमचे चिकटवलेले असतात. खालून दगडाचा मार बसून बॅटरीची पेटी चेपली तर पूर्ण पॅक बदलावा लागतो, आणि तो खर्च परवडला नाही की कर्ज फिटायच्या आतच गाडी भंगारात जाते.