पडून आहेस, तरी वेळ पाळ

कोल्हापूर

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

आईचा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, हे ऐकून बरं वाटलं. पण ती म्हणाली, पोरगं पहाटे चारला झोपतंय आणि दुपारी बाराला उठतंय. ज्या वेळेला तू लंगोट चढवून हौद्यात उतरायचास, त्या वेळेला आता तुझा डोळा लागतो. मला गुडघ्यापेक्षा याचीच काळजी जास्त वाटते.

मांडी बारीक होणार, हे तू धरून चाललाच असशील. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांचा दम इतका घटला, की तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा वयानं केलेली घटसुद्धा त्याहून कमी भरली. पण बिछान्यातून उठून मेहनत सुरू केल्यावर त्यांचा गेलेला दम परत आला होता, हेही ध्यानात ठेव.

झोपेचं मात्र तसं आपोआप जाग्यावर येत नाही. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. बहुतेकांत त्याचा फेरा चोवीस तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून रोज सकाळचा उजेड मिळाला नाही तर ते मागं पडत जातं. स्नायू आणि यकृत यांचीही आपापली घड्याळं आहेत. त्यांना मेहनतीची आणि जेवणाची वेळ कळते. तालमीत ही सगळी एका ठोक्यावर चालायची. आता अंधाऱ्या खोलीत पडून, वेळी-अवेळी खाऊन, ती एकमेकांपासून सुटली आहेत.

अंतराळवीरांचं बघ. अवकाश स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, म्हणजे दिवसाला १६ सूर्योदय. सूर्यावर विसंबता येत नाही, म्हणून उठणं, जेवणं, झोपणं सगळं ठरलेल्या वेळापत्रकानं चालतं, दिवेसुद्धा झोपेच्या वेळेला रंग बदलतात. आणि रोज सुमारे दोन तास व्यायाम, पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर बांधून घेऊन. अंगावर भार नसला की खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्के झिजू शकतं, म्हणून ही मेहनत चुकवून चालत नाही. २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला तिथं १८ दिवस राहिले, आणि भार नसताना स्नायू का झिजतात याचाच एक प्रयोग त्यांनी केला.

आता तुझं. उद्याच पहाटे चारचा गजर लावू नकोस. तुझं घड्याळ इतकं मागं गेलंय, की पहाटेचा लख्ख उजेड त्याला मध्यरात्रीचा वाटेल आणि ते आणखी मागं ढकललं जाईल. आज ज्या वेळेला जाग येते तिच्या अर्धा तास आधी ऊठ, उठल्या उठल्या कुबड्या घेऊन गच्चीत किंवा अंगणात बस. दोन-तीन दिवसांनी आणखी अर्धा तास अलीकडे ये. रात्री नऊनंतर मोबाईल आईकडे. दुपारी झोप लागलीच तर वीस-पंचवीस मिनिटं, जास्त नको.

उन्हात बसून झालं की मेहनत, रोज त्याच वेळेला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघा खाली दाब, वाटी वर सरकताना दिसली पाहिजे आणि मांडीचा आतला उभार कडक लागला पाहिजे. पाच मोजेपर्यंत धर, सोड. घोटा वर-खाली दिवसभरात जमेल तितक्या वेळा कर, त्यानं रक्त साकळत नाही. हात, छाती, पाठ मोकळी आहेत. बसून डंबेल्स मार. जोर, बैठका आत्ता अजिबात नाहीत, कुणी चिडवलं तरी नाहीत. संध्याकाळी उशिरा जड मेहनत घेऊ नकोस, तिनंही घड्याळ मागं जातं.

खुराक बंद करायचा नाही. दूध, अंडी, डाळ तीच ठेव, तूप आणि बदाम कमी कर, आणि जेवणाच्या वेळा पक्क्या ठेव.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोन गोष्टी विचार: ऑपरेशनच्या पायावर किती भार टाकायचा आणि गुडघा किती अंश वाकवायचा. ते काय म्हणतात ते लगेच कळव, त्यावरून तुझा पुढचा महिना आखतो.

तुझा,
वस्ताद